आडनावाच्या गावाला जाऊन आलो

आखातात काम करणाऱ्या माणसाची रजा त्याची स्वतःची नसते. अकरा महिने तो कंपनीचा आणि उरलेला एक महिना गावचा. त्या एका महिन्यात त्याने लग्नं गाठायची, वर्षभरात गेलेल्यांच्या घरी जाऊन बसायचं, कुणाच्या तरी बाळाचा धर्मबाप व्हायचं, दात काढून घ्यायचे आणि गळक्या छपरावर नवा पत्रा टाकायचा. आम्ही मस्कतला येऊन बावीस वर्षं झाली होती आणि बावीसही ऑगस्ट आम्ही वसईत काढले होते. टॅक्सीतून बॅगा उतरायच्या आत शेजारीण विचारते, "कधी आलात? कधी जाणार?" दोन्ही प्रश्न एका दमात. उत्तर ऐकायला ती थांबतही नाही, बॅगा किती आहेत ते बघत असते.

त्या वर्षी माझ्या सासूबाई ऐंशी वर्षांच्या झाल्या. वाढदिवस खरा फेब्रुवारीत, पण त्यांनी तो ऑगस्टवर ढकलला. त्यांना चार मुलं. माझा नवरा थोरला. मधला दीर त्यांच्याजवळ वसईत. नणंद नन आहे, नाशिककडच्या मठात. धाकटा दीर पुण्याला. या चौघांना एका टेबलाशी बसलेलं पाहून त्यांना सोळा वर्षं झाली होती, कारण आमची रजा असायची तेव्हा नणंदेला परवानगी नसायची आणि तिला परवानगी असायची तेव्हा आम्ही इथे मस्कतच्या वादी कबीर भागात एसीचं पाणी बादलीत गोळा करत बसलेले असायचो. या वेळी नणंदेने मोठ्या मदरकडून सहा महिने आधी परवानगी काढली होती. सासूबाईंचं म्हणणं एवढंच होतं, की चर्चमधे एक मिस्सा सांगायची, मग घरी जेवण, आणि चारही मुलं समोर. केक नको, हॉल नको, बॅनर तर नकोच. "थोरल्याची रजा पक्की झाली की फादरना तारीख सांगते," असं त्या प्रत्येक फोनवर म्हणायच्या.

आणि नेमका त्याच वर्षी माझ्या नवऱ्याला आडनावाचा ताप चढला.

आमचं आडनाव मी सांगत नाही. वसईत त्या आडनावाची दोनशे घरं आहेत आणि सगळी माझ्याशी भांडायला येतील. पोर्तुगीज आडनाव आहे एवढं पुरे. आम्ही भात-मासळी खाणारी, मराठीत प्रार्थना करणारी, शेतीवाडीची माणसं, पण आडनाव असं की परदेशी बाई विमानतळावर पासपोर्ट बघून एकदा चेहऱ्याकडे बघते आणि पुन्हा पासपोर्टकडे. माझ्या नवऱ्याला ते बघणं फार आवडतं. माझ्या अंगावर काटा येतो.

त्याची सुरुवात मस्कतच्या किल्ल्यांपासून झाली. जुन्या बंदरावर पोर्तुगीजांच्या काळातले दोन किल्ले आहेत. गावाहून कुणी पाहुणा आला की हा त्याला गाडीत घालून तिथे नेणार, खाली उभा राहून वर बोट दाखवणार आणि म्हणणार, "आमच्या लोकांनी बांधले." आमच्या लोकांनी! याच्या आजोबांनी आयुष्यात एक गोठा बांधला, तोही पुढच्या पावसाळ्यात कलला. एकदा त्याने हे तो काम करतो त्या वर्कशॉपमधे, मालकासमोर म्हटलं. मालक ओमानी आहे, खाबुरा गावचा, शांत माणूस. तो चहाचा पेला खाली ठेवून म्हणाला, "म्हणजे तुम्हालाच आम्ही इथून हाकललं होतं." बाजूला कुडाळचा एक इलेक्ट्रिशियन उभा होता, तो लगेच म्हणाला, "आणि वसईतून आम्ही. विसरू नकोस." दोघांनी एकमेकांच्या हातावर टाळी दिली. दोन्हीकडून मार खाऊन पळालेल्यांचा वारस व्हायची हौस असलेला मी पाहिलेला हा पहिलाच माणूस.

पण खोड जात नाही. इंटरनेटवर शोधता शोधता त्याला पोर्तुगालमधे एक गाव सापडलं. लहानसं, दक्षिणेकडच्या शेतीच्या भागातलं, आणि त्याचं नाव अगदी आमचं आडनाव. झालं! रोज रात्री जेवताना त्या गावचे फोटो. हे चर्च बघ. हा चौक बघ. ही गल्ली बघ, आपल्या आळीसारखी नाही वाटत? मी म्हटलं, आपल्या आळीत गटार उघडं आहे, इथे नाही, तेवढा फरक सोडला तर वाटते. आमची मुलगी सोळा वर्षांची, जन्मली मस्कतमधे, शिकली वादी कबीरला. ती फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, "पप्पा, बट वी आर फ्रॉम वादी कबीर." त्याने तिच्याकडे असं बघितलं, जणू तिने त्याच्या तोंडचा घास काढून घेतला.

"तिथे आपलं मूळ आहे," तो म्हणाला. "एकदा जाऊन यायला हवं. या वर्षीच जाऊ. पुढच्या वर्षी हिची बारावी."

"आणि आईंची मिस्सा?"

"आई काय, पुढच्या वर्षीही आहे."

मी त्याला तिथेच थांबवायला हवं होतं. खरं सांगते, मी थांबवलं नाही. बावीस वर्षं ऑगस्टातला तो चिखल, ओले टॉवेल, आणि "वजन वाढलं गं तुझं" ऐकून ऐकून माझाही जीव विटला होता. युरोप म्हटल्यावर माझी तत्त्वं गुडघ्यात आली. अझैबाच्या ज्या दवाखान्यात मी रिसेप्शनवर बसते तिथल्या सगळ्या बायका एकदा तरी युरोपात जाऊन आल्या आहेत आणि मी त्यांच्या आयफेल टॉवरच्या फोटोंना अंगठे देत आले आहे. तेव्हा दोष त्याचा एकट्याचा नाही.

रजा मागायला तो मालकाकडे गेला. मालकाची एक पद्धत आहे. दर गुरुवारी दुपारी वर्कशॉपच्या चाव्या फोरमनकडे देऊन तो खाबुराला आईकडे जातो, शनिवारी रात्री परत येतो. पाऊस असो, गिऱ्हाईक असो, गुरुवार म्हणजे आई. नवरा "अर्बाब, ऑगस्टात रजा..." एवढंच बोलला असेल, तोच मालक म्हणाला, "आईकडे ना? यल्ला, जा. महिना कशाला, पाच आठवडे घे." आणि त्या रविवारी खाबुराहून आणलेला हलव्याचा दोन किलोचा डबा हातात दिला. "तुझ्या आईला दे. माझ्या आईने पाठवलाय." इथेच खरं सांगून मोकळा झाला असता तर? पण नाही. तो "इन्शाल्ला" म्हणाला आणि डबा घेऊन सटकला.

त्याच संध्याकाळी त्याने वसईला फोन लावला. मी शेजारी बसून हॉटेलांचे रिव्ह्यू वाचत होते, म्हणून शब्द न् शब्द मला पाठ आहे.

"आई, या वर्षी रजा नाही मिळाली. साहेब नाही म्हणतो. माणसं कमी आहेत."

 मग त्या म्हणाल्या, "एक दिवसही नाही?"

"एक दिवसही नाही."

"बरं. मग पुढच्या वर्षी करू. सगळे असतानाच करायचं आहे मला. तू जीवाला लावून घेऊ नकोस."

ऐंशी वर्षांची बाई पुढच्या वर्षीवर ढकलत होती आणि आम्ही तिच्याकडून ते मुकाट घेतलं. नणंदेची परवानगी फुकट गेली. तिने फोनवर फक्त "ठीक आहे" म्हटलं, आणि नन जेव्हा "ठीक आहे" म्हणते तेव्हा समजावं की तिने तुमची केस वर पाठवली.

मग गुप्ततेचा कारभार सुरू झाला. स्टेटसवर फोटो टाकायचा नाही. फॅमिली ग्रुपवर "मस्कतमधे भयंकर ऊन आहे" असं अधूनमधून लिहायचं. मुलगी म्हणाली, "आजीशी मी खोटं बोलणार नाही. मला मराठी येत नाही असं करीन." ते तिला सहज जमलं. आजीने काहीही विचारलं की ती "हो आजी, नाही आजी, म्हणजे... वेट," एवढ्यावर भागवायची.

लिस्बनला उतरलो, आठवडाभर शहर बघितलं आणि भाड्याची गाडी घेऊन दक्षिणेकडे निघालो. मस्कतच्या उन्हातून जीव वाचवून पळालो होतो, तर तिथेही चाळीस डिग्री. पिवळं वाळलेलं गवत, मधे मधे बाटल्यांच्या बुचाची झाडं, त्यांची साल कमरेपर्यंत सोललेली, बुंध्यावर पांढऱ्या रंगात आकडे लिहिलेले. विजेच्या खांबांवर करकोच्यांची घरटी. मुलगी म्हणाली, "हे मस्कतहून निझवाला जाताना दिसतं तसंच आहे, फक्त बर्ड्स आहेत." नवरा ऐकत नव्हता. तो पाटी शोधत होता.

पाटी आली. गावाच्या वेशीवर, पांढऱ्यावर काळ्या अक्षरात, आमचं आडनाव. गाडी थांबवून तो खाली उतरला आणि त्या पाटीला टेकून उभा राहिला. मी अठरा फोटो काढले. त्याने डोळे पुसले. मागून एका ट्रॅक्टरवाल्याने हॉर्न वाजवला, कारण आमची गाडी अर्ध्या रस्त्यात होती.

गाव म्हणजे एक चौक, एक चर्च, एक कॅफे आणि बंद खिडक्या. दारांवर कुलपं, काही कुलपांवर गंज. कॅफेबाहेर चार म्हातारे सावलीत बसले होते. माझा नवरा त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला, पासपोर्ट उघडला आणि आडनावावर बोट ठेवलं. मग स्वतःच्या छातीवर. मग जमिनीवर. त्याच्या डोक्यात काय होतं ते मला ठाऊक होतं. कुणीतरी उठेल, मिठी मारेल, "आलास का रे शेवटी," असं काहीतरी पोर्तुगीजमधे म्हणेल. म्हाताऱ्यांनी पासपोर्ट हातोहात फिरवला. एकाने त्यातला ओमानचा व्हिसा उलटा धरून बघितला. मग त्यांनी तो परत दिला आणि आपल्या गप्पा पुढे चालू केल्या.

याने कच खाल्ली नाही. मराठीत पोर्तुगीज शब्द कितीतरी आहेत हे त्याने कुठेतरी वाचलं होतं, तेव्हा आत जाऊन कॅफेवाल्याला त्याने ते एकामागून एक ऐकवायला सुरुवात केली. पाव. बटाटा. साबण. चावी. कॅफेवाल्याने शांतपणे पाव आणला, तळलेला बटाटा आणला आणि शेवटी मुतारीची चावी आणून टेबलावर ठेवली. मुलगी टेबलाखाली डोकं घालून हसत होती. मी कॉफीचे पैसे दिले. रक्ताच्या नात्यातलं गाव, पण एक कॉफीदेखील फुकट मिळाली नाही.

तेवढ्यात चर्चमधून फादर बाहेर आले आणि आमच्याकडे बघून थबकले. आम्हीही त्यांच्याकडे बघून थबकलो. सावळे, मिशीवाले, पायात सँडल. "फ्रॉम इंडिया?" त्यांनी विचारलं. फादर केरळचे होते! तिकडे आता पोर्तुगीज मुलं पाद्री व्हायला तयार नाहीत, म्हणून इकडून मागवतात. पाच गावं एकट्याच्या गळ्यात. त्यांचा सख्खा भाऊ ओमानमधेच, सलालाला नोकरीला. मस्कत म्हटल्यावर त्यांना जो आनंद झाला त्याचा चौथा हिस्सादेखील गावाला आमच्या आडनावाचा झाला नव्हता. मुळाच्या शोधात निघालेला माझा नवरा युरोपात पोचून एका मल्याळी माणसाच्या गळ्यात पडला.

"या आडनावाची घरं कुठली?" त्याने विचारलं.

"एकही नाही," फादर म्हणाले. "गावाचं नाव आडनाव म्हणून कुणाला लागतं? गाव सोडून गेलेल्याला. इथे राहणाऱ्याला इथला म्हणून कोण हाक मारणार?"

यात न कळण्यासारखं काही नव्हतं. सातारकर साताऱ्यात भेटत नाही, तो पुण्यात भेटतो. पण माझ्या नवऱ्याच्या चेहऱ्यावर कुणीतरी ओलं फडकं मारल्यासारखं झालं.

"आणि तुमचं म्हणाल," फादर पुढे म्हणाले, त्यांना दया येत होती पण सांगितल्याशिवाय राहवतही नव्हतं, "तर तुमच्या पूर्वजाच्या डोक्यावर ज्या पाद्र्याने पाणी घातलं त्याने स्वतःचं नाव देऊन टाकलं असेल. आमच्याकडेही तेच. त्या दिवशी त्याला ताप आला असता आणि दुसरा पाद्री आला असता, तर तुम्ही आज दुसऱ्याच गावात उभे असता."

मी हसले. नको होतं हसायला, पण हसले. चार हजार मैल येऊन माणसाला कळावं की आपलं मूळ म्हणजे एका पाद्र्याची त्या दिवसाची तब्येत! नवऱ्याने माझ्याकडे बघितलंही नाही.

दुपार झाली होती. फादरना जेवायला एका म्हातारीकडे जायचं होतं, चर्चची किल्ली तिच्याकडे असायची आणि रविवारी त्यांचं जेवणही. त्यांनी आम्हालाही ओढून नेलं. ती सासूबाईंच्याच वयाची असेल, काळा झगा, पायात मोजे, आणि आवाज असा की अख्खं गाव आपल्या दारात उभं आहे असं समजून बोलते. तिने आम्हाला बसवलं आणि काय वाढलं? शिळ्या पावाचे तुकडे, त्यावर लसणाचं उकळतं पाणी, ऑलिव्हचं तेल, वर एक अंडं, आणि मूठभर कोथिंबीर! युरोपात आठ दिवस पांचट खाऊन माझ्या तोंडाची माती झाली होती. त्या वाडग्यातून कोथिंबिरीचा वास आला आणि मला रडूच आलं. मी तीनदा मागून घेतलं. आम्ही तिला द्यायला काय आणलं होतं? काही नाही. गाडीत तो हलव्याचा डबा होता, मुलीने जाऊन आणला. एका आईने दुसऱ्या आईला पाठवलेला हलवा आम्ही तिसऱ्याच आईसमोर उघडला. तिने चमचाभर खाल्ला, डोळे मिटले आणि डबा उचलून कपाटात ठेवून दिला. फादरना दुसरा चमचा मिळाला नाही.

टेबलावर सहा ताटं होती. आम्ही तिघं, फादर आणि ती, म्हणजे पाच. सहावं कुणाचं म्हणून मी विचारलं.

मुलाचं. मुलगा लक्झेंबर्गला, बांधकामावर. ऑगस्टाच्या शेवटी गावचा सण असतो, तेव्हा बाहेर गेलेली सगळी मुलं येतात, बाहेरच्या नंबरप्लेटच्या गाड्यांनी चौक भरून जातो. "याला या वर्षी रजा मिळाली नाही," फादरनी सांगितलं. "गेल्या वर्षीही नव्हती मिळाली."

म्हातारी काहीतरी बोलली. मोठ्याने, हसत हसत, पाव मोडता मोडता. फादर थांबले. "काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणते, रजा मिळाली आहे. तो बायकोच्या माहेरच्यांबरोबर समुद्रावर गेला आहे. शेजारच्या मुलीने फोनवर फोटो दाखवले. म्हणते, मी गावात सांगते की मालकाने सोडलं नाही. मालकाला लोक शिव्या देतात, दिल्या तर दिल्या. माझ्या पोराला तर देत नाहीत."

माझ्या नवऱ्याच्या हातातला चमचा वाडग्यात तसाच राहिला. मुलीने माझ्याकडे बघितलं, मी खिडकीबाहेर. म्हातारीने आपली विचारपूस चालूच ठेवली. तुमची आई आहे का, कुठे असते, कितीची झाली. फादर एकेक प्रश्न इंग्रजीत करत होते आणि हा एकेकाचं उत्तर देत होता. आहे. वसईला. ऐंशी.

"आणि ती कुणाबरोबर जेवते आज?"

याने पावाचा तुकडा वाडग्यात बुडवला आणि तिथेच सोडला. शरमेने माझ्याच कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

आणि वर कहर म्हणजे त्याच क्षणी वसईहून फोन आला. रविवारचा फोन. घेतला नाही तर त्या काळजी करतात, म्हणून घेतला. दोन वाक्यं झाली नाहीत तोच चौकात चर्चची घंटा घणाणू लागली. मस्कतमधे चर्चं आहेत, पण रस्त्यावर ऐकू येईल अशी घंटा नाही, आणि सासूबाई तीनदा आमच्याकडे येऊन राहिल्या आहेत.

"घंटा वाजते का रे?"

"मोबाईल आहे, आई. कुणाचा तरी."

"चांगला आवाज आहे," त्या म्हणाल्या. "आपल्या घंटेसारखा."

म्हातारीने हे सगळं बघितलं. तिला मराठी येत नव्हतं, पण आईशी खोटं बोलणारा मुलगा कसा दिसतो हे तिला ठाऊक होतं. ती उठली, त्याच्यासमोरचं वाडगं उचललं आणि धुवायला घेऊन गेली. त्यात अजून अर्धा पाव होता.

परतीच्या प्रवासात तो फक्त एकदाच बोलला. "मस्कतला पोचलो की आईला सगळं सांगतो." मी म्हटलं, सांग. बावीस वर्षांच्या संसारात मी त्याला इतक्या मनापासून "सांग" कधी म्हटलं नव्हतं.

पोचलो. त्याने अंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला, जणू फोनमधून दिसणार होतं, आणि नंबर लावला. स्पीकर चालू ठेवला, मी शेजारी बसावं म्हणून. "आई, मला काही सांगायचं आहे," असं म्हणाला.

"आधी माझं ऐक," त्या म्हणाल्या. "मी काल कन्फेशनला गेले होते. तुझ्या त्या साहेबाचं सांगितलं फादरना."

"साहेबाचं काय?"

"तुझी रजा नाकारली त्या दिवसापासून मी रोज रोझरीनंतर त्याला शाप देते रे. नाव ठाऊक नाही, म्हणून थोरल्याचा साहेब म्हणायची. म्हणायची, देवा, यालाही कुणी याच्या आईकडे जाऊ देऊ नकोस, म्हणजे याला कळेल. दोन महिने रोज. माझी मलाच लाज वाटली. त्या माणसाचीही कुठेतरी आई असेल की नाही? फादर म्हणाले, ज्याला शाप दिला त्याची माफी माग. आता मला कुठे त्याची भाषा येते? तू माग माझ्यातर्फे. मागशील ना?"

त्याने तोंड उघडलं. मी वाट बघत राहिले. सांग रे, आता सांग, मेल्या, यापुढे पुन्हा अशी संधी येणार नाही.

"मागतो," तो म्हणाला.

"बरं. आणि तू काय सांगत होतास?"

"काही नाही. इथे ऊन फार आहे."

फोन ठेवल्यावर मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मुलगी आपल्या खोलीतून बाहेर आली, आणि मराठी येत नाही म्हणणाऱ्या त्या पोरीला प्रत्येक शब्द कळला. तो सगळं ऐकून घेत राहिला. शेवटी म्हणाला, "मी जातो. चार दिवस. ऑक्टोबरात. बहिणीला पुन्हा परवानगी मिळवू, धाकट्याला बोलावू, मिस्सा करू. तिथे समोर बसून सांगतो आईला." पहिल्यांदाच तो काहीतरी शहाण्यासारखं बोलला होता. नणंदेने मदरचे पाय धरून चार दिवस मिळवले. धाकट्या दिराने तिकीट काढलं. सगळं जुळलं, राहिला फक्त हा.

तो मालकाकडे गेला. बुधवार होता, दुसऱ्या दिवशी मालक खाबुराला निघणार होता.

"चार दिवस? कशाला?"

"आईकडे."

"आजारी आहे?"

"नाही."

"अल्हमदुलिल्ला. पण तू आत्ताच पाच आठवडे तिच्याजवळ राहून आलास."

याला काय म्हणणार? नाही म्हणावं तर खोटारडा, हो म्हणावं तर अडकला.  मालकाने भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं. ऑक्टोबरात बिहारचा एक वेल्डर गावी जाणार होता, तीन वर्षांनी. त्याच्या मागे कुडाळचा तो इलेक्ट्रिशियन. दोघंही एकदम गेले तरी वर्कशॉप कसंबसं चालणार होतं, तिसरा गेला तर बंद.

"खलास," मालक म्हणाला. आवाज चढवला नाही, उलट खांद्यावर हात ठेवला. "तुझी आई तुला भेटली. आता दुसऱ्यांच्या आयांची पाळी."

घरी येऊन त्याने मला हे सगळं सांगितलं आणि फोन टेबलावर ठेवून त्याच्याकडे बघत बसला. या वेळी साहेबाने खरोखर रजा नाकारली होती, खरोखर माणसं कमी होती, एक शब्दही बनवायचा नव्हता. तरी त्याला नंबर लावता येईना. शेवटी मी लावला.

"बोल गं बाय," सासूबाई म्हणाल्या. मागे भांड्यांचा आवाज येत होता, ताटं वर काढून पुसत असाव्यात. मी "आई," एवढंच म्हटलं, पुढचं मला जमेना.

"नाही मिळाली ना रजा? असू दे. त्या साहेबाला काही बोलू नका हां," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी करू."